केमोकाइन आणि पेशींच्या स्थलांतरावरील परिषद: अर्ज कोणी करावा, काय जोडावे, गोषवारा कसा लिहावा

केमोकाइन ही पेशींना वाट दाखवणारी छोटी प्रथिने. माणसाच्या शरीरात ती सुमारे ५० आहेत आणि त्यांना ओळखणारे, पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर साधारण २०. जखमेकडे धावणारी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी असो की मूळ गाठ सोडून हाडात ठाण मांडणारी कर्करोगाची पेशी, दोघी याच खुणांवर चालतात. त्यामुळे या विषयाच्या परिषदेला अर्ज करताना बहुतेकांना पहिली शंका येते ती अशी, की माझे काम यात बसते का?

पात्रता

पेशी कुठून कुठे जाते आणि का जाते, याला तुमचे काम स्पर्श करत असेल तर बसते. एचआयव्हीवर काम करणारेही येथे परके नाहीत. हा विषाणू पेशीत शिरताना सीसीआर५ आणि सीएक्ससीआर४ या केमोकाइन रिसेप्टरांचा आधार घेतो हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले आणि २००७ मध्ये सीसीआर५ अडवणारे मॅराव्हिरॉक हे औषध वापरात आले. परिषदेच्या नावात ‘आरोग्य आणि आजार’ असे दोन्ही शब्द असतील, तर निरोगी शरीरातली नेहमीची वाहतूकही, उदाहरणार्थ सीसीआर७ या रिसेप्टरच्या मदतीने लसिकाग्रंथीत पोहोचणाऱ्या, रोगप्रतिकार यंत्रणेतल्या डेंड्रिटिक पेशी, तितक्याच हक्काचा विषय आहे.

पीएचडीचे विद्यार्थी, पोस्टडॉक, प्राध्यापक, डॉक्टर आणि औषध कंपन्यांतले संशोधक असे सगळे अर्ज करू शकतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मात्र सूचना नीट वाचाव्यात.

अर्ज म्हणजे नोंदणी नव्हे

मोठ्या परिषदांत शुल्क भरले की जागा पक्की होते. लहान, निवडक परिषदांत तसे नसते. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्स या परिषदांच्या मालिकेत आधी अर्ज करायचा, तो परिषदेचे अध्यक्ष पाहतात आणि मंजुरी मिळाल्यावरच नोंदणी करून शुल्क भरायचे. म्हणून मंजुरीच्या ईमेलआधी विमानाचे तिकीट काढू नका. अर्जात ‘या परिषदेत तुम्ही काय भर घालाल’ अशा अर्थाचा रकाना असेल, तर तेथे एका ओळीवर भागवू नका. निवड करणाऱ्याला तुमची ओळख तिथूनच होते.

गोषवारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भाषण मिळेल की पोस्टर, हे बहुधा यावरच ठरते.

कोणती पेशी, कोणता केमोकाइन, कोणता रिसेप्टर आणि कोणता प्राणी, हे पहिल्या दोन-तीन वाक्यांत आले पाहिजे. प्राण्याचे नाव गाळणे महागात पडते. उंदरात सीएक्ससीएल८ हा केमोकाइन नसतोच, त्यामुळे माणसाच्या पेशींवरचा निष्कर्ष उंदराला तसाच लावता येत नाही, आणि परीक्षकांना हे पक्के ठाऊक असते. नावे २००० सालच्या नामकरणाप्रमाणे लिहा: एसडीएफ-१ नव्हे, सीएक्ससीएल१२. जुने नाव फार तर एकदा द्या.

दुसरा कळीचा प्रश्न दिशेचा. बॉयडन यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या चेंबरच्या धर्तीवरचे ट्रान्सवेल, म्हणजे सच्छिद्र पडद्याने दोन कप्पे केलेले भांडे, आजही सर्रास वापरतात. पण पडद्यापलीकडे जास्त पेशी मिळाल्या म्हणजे त्या केमोकाइनच्या दिशेनेच गेल्या असे होत नाही. कदाचित त्या नुसत्याच जास्त हलू लागल्या असतील. केमोकाइन पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखा ठेवून हे तपासले असेल, तर ते एका वाक्यात जरूर लिहा. माझ्या मते नवख्या अर्जदाराच्या गोषवाऱ्याला याहून जास्त वजन देणारे वाक्य नाही.

अप्रकाशित निष्कर्ष पाठवण्याआधी सर्व सहलेखकांची संमती घ्या. पेटंटचा विचार असेल तर पेटंटचा अर्ज आधी करा, कारण परिषदेत मांडलेली माहिती जाहीर झालेली धरली जाऊ शकते. गॉर्डन परिषदेत छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रणाला मनाई असते, तरीही ही खबरदारी सोडू नका.

कागदपत्रे

नेहमी लागतात ती अशी: संक्षिप्त परिचय, प्रकाशनांची यादी आणि विद्यार्थी किंवा पोस्टडॉक असल्याचे संस्थेचे पत्र. प्राण्यांवर किंवा रुग्णांच्या नमुन्यांवर काम असेल, तर नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक हाताशी ठेवा.

प्रवास अनुदान हवे असेल तर त्याची मुदत वेगळी असू शकते, आणि ती अनेकदा मुख्य मुदतीच्या आधी संपते. त्यासाठी बहुधा गाईडचे शिफारसपत्र लागते. ते मागताना गोषवाराही सोबत पाठवा, म्हणजे पत्रात तुमच्या कामाबद्दल नेमके काही येईल. लहान मुलांच्या देखभालीसाठी मदत मिळते का, हेही आयोजकांना निःसंकोच विचारा.

व्हिसासाठीचे निमंत्रणपत्र सहसा मंजुरीनंतरच मिळते. ते मागताना नाव पासपोर्टवर आहे तसेच कळवा. परिषद शेंगेन देशात असेल, तर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. मंजुरी उशिरा येणार असे दिसत असेल, तर आयोजकांना तसे लिहून लवकर निर्णय मागा.