पानथरी, लिव्हर आणि म्हातारा कुत्रा: पोटात बघायची सोय कुठून आली

आमच्या देवगडकडे म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट सुटलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या की लोक म्हणायचे "म्हातारो झालो तो, आता काय करूचा", आणि अजूनही बरेच जण तेच म्हणतात. जीव नसतो त्यांचा कुत्र्यावर असं नाही हो, पोटात काय चाललंय ते कळायला मार्गच नव्हता. गुरांचे डॉक्टर हाताने चाचपून पानथरी (म्हणजे प्लीहा, स्प्लीन) वाढलीय इतपत सांगायचे. आणि आपल्याकडे गोचीड एवढे की पानथरी वाढलेली कुत्री कायमच असायची, हेही जुनंच आहे, गोचिडातून पसरणारा बबेसिया गिब्सोनी हा परजीवी पॅटनने 1910 मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात नोंदवला होता.

एक्सरे 1895 चा, रॉन्टगेनचा, आणि पुढच्याच वर्षी युरोपात जनावरांवर तो वापरायला लागले. परळचं व्हेटरनरी कॉलेज तर त्याच्याही आधीचं, 1886 चं. पण एक्सरेत हाडं स्वच्छ दिसतात, लिव्हर आणि पानथरी दोन्ही एकाच राखाडी रंगाची, भोवती चरबी असेल तर कड तरी कळते. म्हातारं कुत्रं रोडावलं की चरबी गेली, आणि पोटात पाणी किंवा रक्त साचलं की सगळंच धुकं. लिव्हर मोठं झालंय हेसुद्धा बाजूचं जठर मागे ढकलल्यावरून ओळखायचं.

खरा फरक सोनोग्राफीने पडला. आमच्या जेटीवरच्या कुठल्याही तांडेलाला हे तत्त्व माहितीय, ट्रॉलरवरचा फिश फाइंडर खाली आवाज सोडतो, तो मासळीवर आपटून परत येतो आणि यायला लागलेल्या वेळावरून खोली कळते. पोटात तेच, आवाज दोन्हीकडे आपल्या कानाच्या पलीकडचा, आणि इथे मशीन हिशोब धरतं सेकंदाला 1540 मीटरचा. ग्लासगोच्या इयान डोनाल्डने 1955 मध्ये बॉयलरच्या कारखान्यात, धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रावर, ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी नेऊन तपासल्या, तुलनेला मांसाचा तुकडा पण घेऊन गेला होता! 1958 मध्ये त्याचा पेपर आला. 1966 मध्ये अमेरिकेत लिंडालने मेंढ्या गाभण आहेत का ते यानेच बघितलं. कुत्र्यांच्या पोटाची सोनोग्राफी मात्र रुळली ती 1980 च्या दशकात, चित्र स्क्रीनवर हलतं दिसायला लागल्यावर.

आमचा राजा बारा वर्षांचा असताना त्याला फोंडा घाट चढून कोल्हापूरला नेला. टेबलावर आडवा, पोटावरचे केस मशीनने काढलेले, गार जेल लावल्यावर एकदा अंग थरारलं त्याचं आणि मग माझ्या मनगटावर हनुवटी टेकून पडून राहिला. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, निरोगी कुत्र्यात पानथरी सगळ्यात उजळ, लिव्हर तिच्यापेक्षा गडद, किडनीची बाहेरची बाजू लिव्हरएवढी किंवा आणखी गडद, हा क्रम बिघडला की संशय घ्यायचा. राजाच्या पानथरीत लिंबाएवढी गाठ होती, आत काळी काळी भोकं. माझे पाय गळाले. डॉक्टर म्हणाले, चित्रावरून कॅन्सर ठरवू नका.

मला वाटतं या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट लोकांपर्यंत कमी पोचली. पुस्तकात शिकवायचे की पानथरीच्या गाठींपैकी दोन तृतीयांश कॅन्सरच्या आणि त्यातल्या दोन तृतीयांश हेमँजिओसार्कोमा, हा रक्तवाहिन्यांचा फार वाईट कॅन्सर. पण नंतर लक्षात आलं की न फुटलेल्या, सहज तपासणीत सापडलेल्या गाठींत साध्या गाठी पुष्कळ जास्त असतात. साकळलेलं रक्त आणि कॅन्सर स्क्रीनवर अगदी सारखे दिसू शकतात. हाउन्सफील्डचा सीटी स्कॅन 1971 मध्ये पहिल्या पेशंटवर झाला, तो आता मोठ्या शहरांत कुत्र्यांसाठीही मिळतो, गाठ कुठवर पसरलीय ते छान कळतं, पण त्याला सहसा भूल लागते, आणि नक्की निदान शेवटी सुईने काढलेल्या पेशी किंवा कापलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघूनच.

राजाची पानथरी काढली, रिपोर्ट आला, साकळलेल्या रक्ताची गाठ. लिव्हरमध्ये दोन बारीक गाठी तेव्हाही दिसल्या होत्या, म्हाताऱ्या कुत्र्यांत तशा साध्या गाठी सर्रास असतात म्हणे, वाढत नाहीत ना एवढं बघायला दर चार महिन्यांनी आम्ही घाट चढतो, पोटात गॅस नको म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी, आणि परतीच्या वाटेवर फोंड्याला गाडी थांबवली की त्याची बिस्किटं.