रोध शून्य, मग हवी तेवढी वीज?

‘अतिसंवाहक तारेला रोध शून्य, हवी तेवढी वीज सोडा, तापणार नाही.’ नाशिकच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. पहिला भाग खरा आहे (अतिसंवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, विजेला अडथळाच करत नाही), म्हणूनच पटतो.

पण त्या शून्याला तीन मर्यादा आहेत: तापमान, चुंबकक्षेत्र, प्रवाह. कणप्रवेगकाच्या (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) चुंबकांतला नायोबियम-टायटॅनियम हा मिश्रधातू उणे २६४ अंशांच्या खालीच अतिसंवाहक होतो (निफाडची थंडी त्यापुढे वैशाखच!). चुंबकक्षेत्र वाढलं की पेलवणारा प्रवाह घटतो. मर्यादा ओलांडली की रोध परततो, तार क्षणात तापते. म्हणून तर, अशा वेळी प्रवाहाला दुसरी वाट मिळावी यासाठी, तिच्यात तांबंही असतं.

पडताळणी अशी: तारेचा तुकडा द्रवरूप हेलियममध्ये, चुंबकक्षेत्रात ठेवून प्रवाह हळूहळू वाढवतात आणि व्होल्टेज मोजतात. शून्यावरचा आकडा चढू लागला की मर्यादा आली. तारेच्या माहितीपत्रकातही प्रवाहाशेजारी तापमान आणि टेस्ला (चुंबकक्षेत्राचं एकक) छापलेले असतात.