स्त्री-पुरुष समानता आणि सर्वोच्च न्यायालयाची बदलत गेलेली कसोटी

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ ने लिंगावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली आणि त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाने स्त्रिया व बालकांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभाही दिली. ही मुभा स्त्रीला बळ देण्यासाठी की तिचे दुय्यमत्व जपण्यासाठी, हा प्रश्न न्यायालयाने दीर्घकाळ विचारलाच नाही. मुंबईतील युसूफ अब्दुल अझीझ खटल्यात, १९५४ साली, व्यभिचाराच्या गुन्ह्यातून पत्नीला वगळणारे भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ याच खंडाच्या आधारे वैध ठरले. पतीच्या संमतीने गुन्हाच उरत नाही, म्हणजे कायदा पत्नीला पतीची मालमत्ता मानतो, याची दखल घेऊन ते कलम रद्द व्हायला २०१८ साल उजाडले.

१९८१ चा नर्गेश मिर्झा निकाल या संभ्रमाचे ठळक उदाहरण आहे. पहिल्या गर्भारपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम न्यायालयाने कठोर शब्दांत रद्द केला, मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट कायम ठेवली. हवाई सुंदरी आणि पुरुष कर्मचारी हे वेगळे वर्ग आहेत, असा न्यायालयाचा तर्क होता; आणि एकदा वर्ग वेगळे मानले, की त्यांची तुलनाच थांबते. माझ्या मते या तर्काने स्त्रियांचे सर्वाधिक नुकसान केले, कारण ते वेगळेपण मालकाच्याच नियमांनी घडवलेले होते.

२००७ मध्ये अनुज गर्ग प्रकरणात मद्यविक्रीच्या ठिकाणी स्त्रियांना नोकरी नाकारणारी पंजाब अबकारी कायद्यातील तरतूद रद्द करताना, संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीची निवड हिरावता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्यापुढचे पाऊल मार्च २०२१ च्या नितीशा निकालात पडले. लष्करातील कायमस्वरूपी नियुक्तीसाठीचे वैद्यकीय निकष वरवर सर्वांना सारखेच होते. परंतु पुरुषांची पारख सेवेच्या पाचव्या वा दहाव्या वर्षी झालेली असताना, तीच कसोटी स्त्रियांना लावली गेली ती चाळिशी-पन्नाशीत. त्यांच्या कामगिरीचे वार्षिक गोपनीय अहवालही, कायम नियुक्तीचा मार्ग मुळात बंद असल्याने, पूर्वी निष्काळजीपणे लिहिले गेले होते. नियमामागचा हेतू शुद्ध असला तरी त्याचा परिणाम विषम असेल तर तो अप्रत्यक्ष भेदभावच ठरतो, हे तत्त्व न्यायालयाने येथे स्पष्टपणे स्वीकारले.