सायलेन्सरचा आवाज कमी करून घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"गाडी आल्याचं चौकात कळायला पायजे की ओ!" असं सांगून मोटारसायकलचा पाइप, म्हणजे सायलेन्सर, बदलून घेणारेच दोनेक वर्षांनी बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये येतात आणि जरा दबक्या आवाजात विचारतात, "थोडं कमी होईल काय?" घरात बाळ आलेलं असतं, शेजारच्या काकूंनी बोलणं टाकलेलं असतं, नाहीतर टिळकवाडीच्या गेटाजवळ पावती फाटलेली असते. कमी होतं. कसं होतं आणि आम्ही काय करत नाही, हे गाडी लावण्याआधी वाचून घ्या.

आधी गळती शोधू

सगळा आवाज मागच्या तोंडातूनच येतो असं नाही. बेंड पाइप (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) इंजिनच्या हेडला जिथे बसतो, तिथली रिंग दबली किंवा फाटली की टक-टक असा कोरडा आवाज येतो. सकाळी इंजिन गार असताना तो ठळक असतो. तापल्यावर धातू फुगतो, फट मिटते आणि आवाज दडतो. म्हणून पुष्कळांना तो टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या भागाचा, वाटतो. दुसरी जागा म्हणजे बेंड पाइप आणि सायलेन्सर यांच्यामधला क्लॅम्प. जोडापाशी काळी काजळी दिसली तर समजा, गॅस तिथून निघतोय. उतारावर थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटत असतील, तर बऱ्याचदा कारण हेच असतं: फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं.

आम्ही मागून ब्लोअरची हवा सोडतो आणि जोडांवर साबणाचं पाणी लावतो. बुडबुडे आले की गळती सापडली. काही गाड्यांचं काम एका रिंगेवर आणि एका क्लॅम्पवर संपतं. तसं झालं तर तेवढेच पैसे घेतो.

धडधड वेगळी, फटफट वेगळी

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण गिऱ्हाईक आणि आमच्यात घोळ होतो तो इथेच. चार स्ट्रोकच्या एक सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. मिनिटाला ३००० फेरे असतील, तर सेकंदाला २५ स्फोट. ही तुमची आवडती खर्जातली धडधड. कानाला टोचते ती तिच्यावर स्वार झालेली चिरकी फटफट. दोन्हींचा इलाज एक नाही.

चिरका आवाज ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) खातो. भोकांच्या जाळीची पुंगळी, तिच्याभोवती ग्लासवूल आणि वर बाहेरचा डबा, अशी ही रचना. गॅस पुंगळीतून सरळ जातो, आवाज भोकांतून वूलमध्ये शिरतो आणि तिथेच जिरतो. खर्ज मात्र ग्लासवूलला फारसा जुमानत नाही. त्याला आडवे पडदे घातलेले कप्पे लागतात आणि मुळात डबा मोठा लागतो. बाजारात इंदोरी, पंजाबी म्हणून जे सायलेन्सर मिळतात त्यातले बरेच आतून जवळजवळ पोकळ असतात. त्यात पुंगळी आणि वूल घालून फटफट बरीच खाली आणता येते. पण शॉर्ट बॉटलला, म्हणजे आखूड बाटलीसारख्या सायलेन्सरला, कंपनीच्या सायलेन्सरइतकं गप्प करून देतो असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. जागाच नाही तेवढी.

वूल कायमचं टिकत नाही. उष्णतेनं ते ठिसूळ होतं आणि भोकांतून थोडं थोडं उडून जातं. दोन वर्षांपूर्वी बरा असलेला आवाज आता वाढला असेल, तर नवा सायलेन्सर घेण्याआधी पॅकिंग बदलून बघा. वूल फार ठासलं तर आवाज शिरत नाही, सैल ठेवलं तर लवकर उडतं.

डीबी किलर म्हणतात तो मागच्या तोंडात बसणारा बारीक तोंडाचा तुकडा. स्वस्त आणि झटपट उपाय. मात्र तो एका बोल्टवर असतो, आणि एक सिलिंडरच्या गाडीचा थरथराट आपल्याला ठाऊक आहे. लॉक वॉशर टाकल्याशिवाय आम्ही तो बसवत नाही.

जे करत नाही

भांडी घासायची तारेची घासणी पाइपात कोंबून आलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. ती जळून तुकडे होते, तुकडे मागे उडतात. तोंडाला पत्रा वेल्ड करून बारीक भोक ठेवणं, हेही नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात एका गाडीचं तोंड आम्हीच नको इतकं बारीक केलं होतं. गावात गाडी छान चालली. जांबोटीवरून चोर्ला घाटात गेली आणि चढाला दम टाकू लागली. पाइप बदलून दिला, मजुरी सोडली.

कार्ब्युरेटरच्या गाडीत मोकळ्या पाइपासाठी कुणी मोठा जेट (पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) टाकला असेल, तर आवाज कमी करताना जेटही परत आणावा लागतो. नाहीतर प्लग काळा पडतो, पेट्रोल जास्त जातं आणि दोष सायलेन्सरवर येतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचा नियम) गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, आम्ही काढत नाही. आधीच काढलेला असेल तर तसं सांगा, लपवू नका. काही गाड्यांत सेन्सर चुगली करतो.

कायद्याचं थोडक्यात

कर्नाटकातली केए-२२ असो, केए-२३ असो की पलीकडची महाराष्ट्राची एमएच-०९, या बाबतीत सीमावाद नाही. मोटार वाहन कायदा १९८८ दोन्हीकडे एकच. आवाजाच्या गुन्ह्याला कलम १९०(२) लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळीही दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो, लायसन्सवरही गदा येते.

एप्रिल २००५ पासून लागू झालेल्या मर्यादा अशा: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसी ७७, आणि त्याच्या वर ८०. हे आकडे चालती गाडी साडेसात मीटरवरून मोजल्याचे आहेत. मोबाइलवर पाइपाशेजारी धरून ९० दिसलं म्हणजे गाडी नापास, असं होत नाही. मोबाइलचं ॲप आधी आणि नंतर यांतला फरक बघायला चालतं, तेही जागा, अंतर आणि इंजिनचे फेरे तेच ठेवून. आम्ही पाइपाच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, तिरक्या कोनात मोजतो आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून देतो. आकड्यात १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

पावसाळा

खानापूरकडच्या गाड्यांना हे जास्त लागू. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी एक बारीक भोक असतं, पाणी निघून जायला. गळती समजून ते एम-सीलनं बुजवू नका. पाणी आत साचतं, वूल भिजतं, डबा आतून गंजतो. रोज दुकान ते घर एवढीच गाडी फिरत असेल, तर आठवड्यातून एकदा तरी लांब पल्ला मारा. पाइप नीट तापला की आतलं पाणी उडून जातं.

येताना

गाडी सकाळी, इंजिन गार असताना आणा. आरसी सोबत असू द्या. आणि कंपनीचा जुना सायलेन्सर माळ्यावर पडला असेल, तर तोही घेऊन या. तो धड असला, तर आधी तोच बसवून बघू. त्यापुढचा खर्च कदाचित लागणारच नाही.