खरा मेलस्ट्रॉम कोणता?

पुलाखाली घुसळणारं हिरवं पाणी आणि काठावर गळ टाकून बसलेली माणसं. ‘मेलस्ट्रॉम’, म्हणजे समुद्रातला मोठा भोवरा, म्हणून असा फोटो दिसला, तर तो बहुधा साल्टस्ट्राउमेनचा. मूळ मेलस्ट्रॉम म्हणजे मोस्कस्ट्राउमेन. दोन्ही उत्तर नॉर्वेत, दोन्ही भरती-ओहोटीची करणी, आणि दोघांच्या नावातलं ‘स्ट्राउमेन’ म्हणजे प्रवाह. घोळ होणारच.

शब्द मात्र डच. ‘मालेन’ म्हणजे दळणे, ‘स्ट्रोम’ म्हणजे प्रवाह. ज्याने जातं ओढलंय त्याला हे नाव लगेच पटेल: खुंट्याभोवती पाळी गरगरते, तोंडात पडलेला दाणा पीठ होऊनच बाहेर येतो. जुन्या नॉर्स कथेत तर समुद्राच्या तळाशी ग्रोट्टी नावाचं मीठ दळणारं जातंच बुडालेलं आहे. त्याच्या तोंडात पाणी शिरतं तिथे भोवरा उठतो. आपल्या ‘भोवऱ्या’त दळण नाही, नुसतं फिरणं, मूळ संस्कृत ‘भ्रम्’. म्हणून तर पाण्यातला, जाळी गुंडाळून फेकायचा आणि पोराच्या डोक्यावरच्या केसांतला, तिन्ही भोवरेच.

मोस्कस्ट्राउमेन लोफोटेन बेटांच्या टोकाला, उघड्या समुद्रात आहे. भोवती खोल पाणी आणि इथे 40 ते 60 मीटरवर उंबऱ्यासारखा उंचावलेला तळ. भरतीला लोफोटेन आणि मुख्य भूमीमधल्या वेस्टफ्योर्ड या खाडीतलं पाणी चढलं की पातळीतला फरक या उंबऱ्यावरून वाट काढतो. भोवरे 40-50 मीटर रुंद होतात, पण पसरट. स्वीडिश धर्मगुरू ओलाउस माग्नुसच्या 1539च्या ‘कार्टा मारिना’ नकाशात हा भोवरा गलबतासकट काढलाय, आणि 1841 साली अमेरिकी लेखक एडगर अ‍ॅलन पोने कथेत त्याचं भलंमोठं नरसाळं केलं. ते नरसाळं बघायच्या आशेने गेलात तर हिरमोड होईल.

त्यापेक्षा बोडो शहराजवळचं साल्टस्ट्राउमेन गाठा. जेमतेम 150 मीटर रुंद, 3 किलोमीटर लांब चिंचोळी वाट, आणि तिच्यातून दर सहा तासांनी सुमारे 40 कोटी घनमीटर पाणी कधी आत, कधी बाहेर. भोवरे 10 मीटर रुंदीचे, पण 5 मीटरपर्यंत खोल. (यातलं ‘साल्ट’ म्हणजे मीठ नव्हे, तो साल्टेन परगणा.) दिशा बदलताना पाणी थोडा वेळ निपचित पडतं, तेवढ्यात बोटी निघून जातात. जायचं तर कोकणातल्यासारखीच तिथी बघा: अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला दोन्हींना जोर असतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो उतरतो.