पानगळीतली बाग

नाशिकच्या पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वन उद्यान गाजलं ते अंधार पडल्यावरच्या रंगीत उजेडामुळे आणि ‘बोलणाऱ्या’ झाडांमुळे. पोरं खूश होतात, होऊ देत. पण झाडंच बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी जावं. ‘आता काय बघायचंय, सगळं वाळलंय’ असं लोक म्हणतात, नेमकं तेव्हा.

वाळलेलं फारसं काही नसतं. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पन्नासेक किलोमीटरवरच्या नाशिक शहरात जेमतेम ७००. तोही चार महिन्यांत संपतो आणि उतारावरचा मुरूम पाणी धरून ठेवत नाही. झाडाच्या खोडात मुळापासून शेंड्यापर्यंत बारीक नळ्यांमधून पाण्याची सलग धार ताणलेली असते. खालचं पाणी आटलं आणि वरून पानं ओढतच राहिली, तर नळीत हवेचा बुडबुडा शिरतो, धार तुटते. अशा बऱ्याच नळ्या निकामी झाल्या की फांदीच वाळते. त्यापेक्षा पानं टाकलेली परवडतात.

टाकतानाही झाड चिक्कूपणा करतं. पानातलं बरंचसं नत्र आणि स्फुरद आधी फांदीत परत घेतं, मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सुटा होतो आणि उघड्या जागेवर बुचासारखा लेप चढतो. सागाच्या डहाळीवर हा वण सहज दिसतो. नीट पाहिलं तर त्यात बारीक ठिपके असतात: पानात जाणाऱ्या नळ्यांची बुजलेली तोंडं.

सावर तर याच उघड्या फांद्यांवर फुलते. जाड, मांसल, लाल पाकळ्या आणि खाली भरपूर मध; मैना-बुलबुलांना लांबूनच दिसतं. (फूल तोडू नका, खाली पडलेलं उचलून बघा.)

मग चैत्रपालवी. ढगाचा पत्ता नाही आणि पिंपळ तांबूस पानांनी भरतो! पाणी कुठून आलं? पानं गेली तसा खर्च थांबला. खोल मुळांनी जे थोडंफार ओढलं ते खोडात मुरलं आणि कोंब फुटले. पावसाळ्यात किड्यांची झुंबड उडेपर्यंत ही पानं जून झालेली असतात.

साग मात्र इतकी घाई करत नाही. शेजारी पिंपळ सळसळत असला, तरी वळवाच्या सरी येईपर्यंत बहुतेक साग उघडेच उभे असतात.