आठ माइक, एक घड्याळ

चार माइक लावले तर चार ट्रॅक, म्हणजे प्रत्येक माइकच्या आवाजाची वेगळी नोंद, हवेत, यात आज कुणाला काही विशेष वाटत नाही. पण स्टुडिओच्या भिंती सोडून बाहेर रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाला ही चैन मिळायला शंभर वर्षं लागली. तोवर जे काही ऐकू येई ते एका, फार तर दोन वाटांनी आत जाई आणि कोणता आवाज पुढे, कोणता मागे, हे जागच्या जागी ठरून जाई. नंतर बदल नाही. खांद्यावर लटकणाऱ्या मल्टिचॅनेल डिजिटल रेकॉर्डरची कूळकथा सांगताना चॅनेलांची संख्या मोजत बसण्यापेक्षा, तो निर्णय किती लांबवता आला हे पाहिलं तर गोष्ट नीट उलगडते असं मला वाटतं.

सुरुवात मेणाच्या नळकांड्यापासून. १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वॉडी लोकांची गाणी आणि कथा एडिसनच्या फोनोग्राफवर टिपल्या. फील्ड रेकॉर्डिंगचा इतिहास साधारण इथून धरतात. कर्ण्यासमोर तोंड धरून गायचं, मिनिटं दोन-चार. १९३३ मध्ये जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स हे बापलेक तबकडी कोरणारं यंत्र मोटारीच्या मागच्या भागात घालून दक्षिणेकडच्या तुरुंगांत लोकगीतं गोळा करत फिरले. त्या यंत्राचं वजन ३१५ पौंड, म्हणजे १४० किलोंच्या वर. त्याला ‘पोर्टेबल’ म्हणायचं, कारण मोटार पोर्टेबल होती.

खरं हलकेपण आणलं ते स्टेफान कुडेल्स्की यांनी. पोलंडमध्ये जन्मलेला, स्वित्झर्लंडमध्ये शिकणारा हा तरुण १९५१ मध्ये चावीच्या मोटरवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि त्याने त्याचं नाव ठेवलं ‘नाग्रा’. पोलिश भाषेत ‘रेकॉर्ड करेल’. त्या दशकाच्या अखेरीस आलेल्या नाग्रा-३ मध्ये व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, चावी जाऊन बॅटरी आली. बारा जाड सेल, पाव इंची टेप, आणि कॅमेऱ्याशी सूत जुळवण्यासाठी टेपवरच उमटवलेला एक पायलट सिग्नल. पाच इंची स्पूलवर साधी टेप ६०० फुटांची. ती सेकंदाला साडेसात इंच वेगाने धावली की १६ मिनिटांत संपते. म्हणजे दर पंधरा मिनिटांनी हात स्पूलवर, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी घडणार हे ठरलेलं. चित्रपट, रेडिओ, बातम्या, पक्ष्यांचे आवाज, सगळं काही यावर झालं. पण ट्रॅक एक. कितीही माइक लावा, ते छोट्या मिक्सरमधून जाऊन शेवटी एकाच पट्टीवर उतरायचे. नदीचा आवाज माणसाच्या बोलण्यावर बसला तर तो कायमचा बसला. १९७१ च्या सुमाराला नाग्रा-४एस ही स्टीरिओ आवृत्ती आली, तेव्हा रेकॉर्डिस्ट मंडळींनी तिचा वापर स्टीरिओपेक्षा वेगळ्याच कामासाठी केला: एका ट्रॅकवर बूम, म्हणजे दांड्यावर टांगलेला माइक, दुसऱ्यावर कपड्यात लपवलेला माइक. कोणता ठेवायचा ते संपादनाच्या टेबलावर बघू. निर्णय पुढे ढकलण्याची ही पहिली मोठी संधी, आणि ती लगेच उचलली गेली.

ती टोकाला नेली रॉबर्ट ऑल्टमन यांनी. १९७४-७५ मध्ये ‘कॅलिफोर्निया स्प्लिट’ आणि ‘नॅशव्हिल’ या चित्रपटांसाठी त्यांचे ध्वनिमुद्रक जिम वेब यांनी आठ ट्रॅकचं टेप मशीन लोकेशनवर आणलं. प्रत्येक नटाला वायरलेस माइक, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. सगळे एकदम बोलू लागले तरी चालेल, कुणाला कधी पुढे आणायचं ते नंतर ठरवू. कल्पना म्हणून ती आजच्या रेकॉर्डरची थेट पूर्वज आहे. अडचण एवढीच की ते यंत्र आणि त्याच्यामागचा लवाजमा सांभाळायला माणसं लागत. एकट्याने काठावर बसून बेडकांचा कोरस टिपणाऱ्याच्या ते कामाचं नव्हतं.

डिजिटलची पहिली पावलं मजेशीर आहेत. आवाजाचे आकडे करायचे तर सेकंदाला दहा लाखांहून जास्त बिट साठवावे लागतात, आणि तेवढं पेलणारी, सहज मिळणारी टेप तेव्हा एकच होती: व्हिडिओची. म्हणून आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात व्हिडिओ चित्रासारखे साठवले जात. आजही जो ४४,१०० हा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या आवाजाच्या मोजमापांची संख्या, सर्वत्र दिसतो, तो त्या जुगाडाचा अवशेष आहे. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन सॅम्पल, वापरात २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड, म्हणजे अर्ध्या चित्रफ्रेम. गुणाकार करून बघा. ५० फील्डच्या पद्धतीत २९४ ओळी घेतल्या तरी उत्तर तेच येतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेलं सोनीचं पीसीएम-एफ१ हे असंच बॅटरीवर चालणारं उपकरण होतं. सोबत फिरता व्हिडिओ रेकॉर्डर वागवायचा. चॅनेल दोन.

मग १९८७ मध्ये डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन तासांचं रेकॉर्डिंग, सळसळ नाही. स्पूल बदलत आयुष्य गेलेल्या माणसाला हे स्वप्नच होतं. पण आत व्हिडिओसारखंच फिरतं हेड होतं, मिनिटाला २,००० फेरे घेणारं. पहाटेच्या गारव्यातून दमट हवेत यंत्र आणलं की त्या ड्रमवर बाष्प धरायचं, पडद्यावर ‘ड्यू’ (दव) अशी सूचना यायची आणि यंत्र हट्टाने बंद राहायचं. पक्षी जेव्हा सगळ्यात जास्त बोलतात तेव्हाच यंत्राने मौन धरायचं! शिवाय टेपवर धुळीचा कण आला तर आवाज थोडा खराब व्हायचा नाही, तो तुटायचाच. चॅनेल मात्र दोनच राहिले. चार हवे असतील तर १९९२ मध्ये आलेलं नाग्रा-डी होतं: उघडी स्पूल, फिरतं हेड, चार डिजिटल ट्रॅक. उत्कृष्ट यंत्र, पण टेपच.

टेप सुटली ती १९९० च्या दशकाच्या मध्यावर. झॅक्सकॉम या अमेरिकी कंपनीच्या ‘डेवा’ने लोकेशनवर थेट हार्डडिस्कवर चार ट्रॅक लिहायला सुरुवात केली. डिस्कमुळे ट्रॅक वाढवणं सोपं झालं हे खरं, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट दुसरीच घडली. डिस्कवर लिहिणाऱ्या यंत्राला मध्ये मेमरी ठेवावी लागते. मग ती मेमरी सतत भरती ठेवली तर? बटण दाबण्याआधीचे काही सेकंदही हाताशी असतात. हेच ते प्री-रेकॉर्ड. पक्ष्याने साद घातली, आपण दचकलो, बटण दाबलं, आणि साद फाइलमध्ये सुरुवातीपासून आहे. रेकॉर्ड करायचं की नाही हा निर्णयसुद्धा आता घटना घडून गेल्यावर घेता येऊ लागला.

२००० नंतर गर्दी झाली. फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या आटॉन कंपनीचा आठ ट्रॅकचा ‘कांतार’, फॉस्टेक्सचा डीव्हीडी-रॅमवर लिहिणारा सहा ट्रॅकचा रेकॉर्डर, साउंड डिव्हायसेसचा चार ट्रॅकचा ७४४टी आणि २००८ मध्ये आठ इनपुटचा ७८८टी. सोनीने २००५ मध्ये डॅट यंत्रांचं उत्पादन थांबवलं तेव्हा फारसं कुणी रडलं नाही. फाइलीही शहाण्या झाल्या. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये ठरवलेल्या ब्रॉडकास्ट वेव्ह स्वरूपात वेळेची नोंद फाइलमध्येच बसली. पुढे आयएक्सएमएल या नोंदपद्धतीमुळे कोणत्या ट्रॅकवर कुणाचा माइक हेही आत लिहिता आलं. त्याआधी हे सगळं कागदावर असे, आणि कागद नेहमी दुसऱ्याच पिशवीत असे.

एक जुनी खोड मात्र आडवी आली. वेव्ह फाइल आपला आकार ३२ बिटांच्या आकड्यात लिहिते, त्यामुळे तिला ४ जीबीच्या वर जाता येत नाही. दोन चॅनेलच्या जमान्यात हे कुणाला जाणवलं नव्हतं. पण आठ ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ११,५२,००० बाइट. सगळे ट्रॅक एकाच फाइलमध्ये घातले तर ही मर्यादा ६२व्या मिनिटाला गाठली जाते. म्हणून मोठ्या मैफिलीच्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये तासा-तासाचे तुकडे दिसतात. सांधा बिनचूक असतो, तुकडे टोकाला टोक लावून ठेवायचे. मोठ्या फाइलींसाठी आरएफ६४ हे स्वरूप नंतर आलं, तरी तुकडे पाडण्याची सवय पुष्कळ यंत्रांनी सोडलेली नाही.

आता घड्याळाकडे. दोन ट्रॅकचे चार स्वस्त रेकॉर्डर घेतले तर आठ चॅनेल होत नाहीत का? होत नाहीत. प्रत्येक यंत्रातला क्वार्ट्झ स्फटिक आपापल्या चालीने चालतो. दोन यंत्रांत दहा लाखांत दहा भागांचा फरक असेल, आणि तो अगदी सामान्य आहे, तर तासाभरात ३६ मिलिसेकंद पडतात. सुरुवातीला टाळी वाजवून दोन्ही फाइली स्क्रीनवर केसाला केस जुळवाव्यात. अर्ध्या तासापर्यंत आवाज पोकळ होत जातो आणि शेवटी प्रत्येक टाळीला स्वतःचा पडसाद मिळतो. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे ३६ मिलिसेकंदांत १२ मीटर. जणू कुणी आपला एक माइक तासाभरात हळूच बारा मीटर लांब नेऊन ठेवला. एकाच डब्यात एकाच घड्याळावर चालणारे आठ कन्व्हर्टर, म्हणजे आवाजाचे आकडे करणारे भाग, हवेत ते यासाठी. पक्षी नेमका कुठून ओरडला हे चार माइकांवर आवाज पोचण्यातल्या फरकावरून काढणाऱ्या अभ्यासकाला तर यावाचून गतीच नाही: ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल म्हणजे जेमतेम सात मिलिमीटर.

अँबिसॉनिक, म्हणजे चोहोबाजूंचा आवाज टिपणाऱ्या, रेकॉर्डिंगचीही हीच कथा. मायकेल गर्झन आणि पीटर क्रेव्हन यांनी १९७०च्या दशकात चार कॅप्सूलचा, चतुष्फलकाच्या आकाराचा माइक मांडला. त्याचे चारही चॅनेल एकाच गेनवर (आवाज वाढवण्याच्या प्रमाणावर), एकाच क्षणी टिपले गेले तर आजूबाजूचा सगळा अवकाश त्यात उतरतो आणि ‘माइक कुठे वळवायचा’ हे घरी येऊन ठरवता येतं. एक गेन किंचित जास्त झाला की तो अवकाश कलतो. कल्पना जुनी होती. ती खांद्यावर टाकून रानात न्यायला, चार नॉब एकत्र बांधून फिरवता येणारा रेकॉर्डर यावा लागला.

झूम या कंपनीचा हातात मावणारा एच४ २००६ चा, सहा ट्रॅकचा एच६ २०१३ चा, आणि टाइमकोडसह (फाइलींवर उमटणाऱ्या वेळेच्या शिक्क्यासह) आठ माइक इनपुटचा एफ८ २०१५ चा. या शेवटच्याने व्यावसायिक आणि हौशी यांच्यातली भिंत बरीच पाडली. त्याच्या नॉबना हात लावताना बोटं जाड वाटतात, पण माइकचा क्षीण आवाज वाढवणारे ते आठ प्रीअँप खरे होते.

२०१९ मध्ये झूमचा एफ६ आणि साउंड डिव्हायसेसच्या मिक्सप्रीची दुसरी पिढी ३२ बिट फ्लोट, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठ्या आवाजाला पुरणारी आकडे लिहिण्याची पद्धत, घेऊन आली. प्रत्येक इनपुटला एकाहून जास्त कन्व्हर्टर, एक कुजबुजीसाठी, एक गडगडाटासाठी. त्यांतून जुळवलेली एक फाइल. फाटलेला दिसणारा आवाज खाली ओढला की अखंड निघतो. म्हणजे लेव्हल ठरवण्याचा निर्णयही टेबलावर गेला. फक्त माइकची कॅप्सूलच गुदमरली असेल तर कन्व्हर्टर काही करू शकत नाही.

आणि इथे गोष्ट थोडी उलटी फिरली. फ्लोटमध्ये लिहिणारे काड्यापेटीएवढे रेकॉर्डर आता नटाच्या खिशात, झाडाच्या फांदीला, वाद्याच्या स्टँडला स्वतंत्रपणे लावले जातात, तारेविना. टाइमकोडने फाइलींची सुरुवात जुळते. पुढे प्रत्येक घड्याळ आपल्या मनाचं. संवादांसाठी तेवढं पुरतं. पण स्टीरिओची जोडी, अँबिसॉनिक माइक किंवा पक्ष्याची जागा शोधणारी मांडणी असेल, तर ओल्या गवतातून चाळीस-चाळीस मीटर केबल ओढत एकाच डब्यापर्यंत आणणारे लोक अजून दिसतात.